नकाशावर चिकटवलेलं कुटुंब

मित्रांनो, मी एक जुनी चिकटवही आहे. तुम्हाला मित्र म्हणते ते केवळ तशी रीत आहे म्हणून. माणसांच्या हातात कात्री आणि डिंक आला की ती काय करतात, हे मी माझ्या अंगावर सोसलं आहे. त्यामुळे तुमच्याविषयी फार माया वाटावी असं माझ्यात काही उरलेलं नाही. तरी माझी हकिगत ऐका. तुमच्यापैकी कुणाच्या तरी कपाटावर माझ्यासारखी एखादी धूळ खात पडलेली असेलच.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. तिथे पुस्तकांच्या बांधणीच्या कामाला एक बाई होती. घरात तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणते. तिने उरलेला जाड पुठ्ठा कापला, काळ्या कागदाची पानं सारखी केली, दाभणाने भोकं पाडली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने मला शिवून काढलं. ताई सरळ रेषेची बाई होती. तिच्या हातून काठ कधी वाकडा गेला नाही आणि तोंडून शब्द कधी मऊ निघाला नाही.

ताईची आई नुकतीच गेली होती. वडील ट्रक चालवायचे. तेव्हा ते काम सोडून घरी बसले होते. घरातले सगळे फोटो बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात कोंबलेले होते. ते नीट चिकटवून बाबांना द्यायचे, असं ताईने आणि तिच्या धाकट्या बहिणीने ठरवलं. धाकटीला घरात चिमणी म्हणत. ती कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात दर्शनी काचेमागची सजावट करायची. पुतळ्याच्या मागे काय लावलं की पुतळा उठून दिसतो, हे शोधण्यातच तिचा दिवस जायचा. आता तुम्हीच सांगा, या दोघींना एका टेबलाशी बसवणं शहाणपणाचं होतं का?

सुट्टीच्या दिवशी त्या बाबांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला उघडून बसत. ताईचं म्हणणं सोपं होतं. पान काळं, फोटो मधोमध, चार कोपऱ्यांना चार कागदी खाचा, संपलं. चिमणीने पहिलं पान पाहिलं आणि विचारलं, "ताई, ही चिकटवही आहे की शोकसभा?"

मग तिने तिची पिशवी उलटी केली. त्यातून काय काय निघालं! चहाच्या पाण्यात भिजवून तपकिरी केलेले कागद. बोळा करून पुन्हा इस्त्री केलेला खाकी कागद, ज्याच्या सुरकुत्या चामड्यासारख्या दिसत. बँकेच्या पाकिटांच्या आतली निळी नक्षी. औषधाच्या खोक्यातला नागमोडी पुठ्ठा. शाळेतल्या फोटोमागे तिने लाल समासाचं वहीचं पान लावलं. आजोबांच्या फोटोमागे वर्तमानपत्र लावायला निघाली, तेव्हा ताईने तिचा हात धरला. वर्तमानपत्र पिवळं पडतं आणि फोटोलाही पिवळं करतं, असं ती म्हणाली. ते खरंच होतं. पण ताईने ते अशा आवाजात सांगितलं की चिमणी तासभर बोलली नाही.

समुद्रकिनाऱ्यावरच्या फोटोमागे चिमणीने सुताराचा पॉलिशपेपर लावला. वाळूसारखा दिसतो म्हणे. दिसत होता खरा, पण अंग माझं सोलून निघालं. शिवाय समोरच्या पानावर ताईचा छापखान्यातला फोटो होता. मला चार वेळा उघडमीट केल्यावर तिच्या तोंडावर ओरखडे उठले. चिमणीने ते मुद्दाम केलं, असं ताई आजही मानते. मला विचाराल तर तसं नव्हतं. मला कुणी विचारलं मात्र नाही.

खरं भांडण पेटलं ते ट्रकच्या फोटोवरून. ट्रकसमोर बाबा, आई, शाळेच्या गणवेशातली ताई आणि आईच्या कडेवर चिमणी, असा तो फोटो होता. ताईचा लहानपणीचा तेवढा एकच. घरातला कॅमेरा थोरल्या मुलीच्या हातात असायचा, त्यामुळे बाकीच्या फोटोंत ती नव्हतीच. हा एक कुणा वाटसरूने काढून दिला होता.

चिमणीने त्या फोटोमागे लावायला बाबांच्या ट्रकमधला रस्त्यांचा नकाशा आणला. घड्यांवर फाटलेला, काळ्या बोटांचे डाग पडलेला. ताई म्हणाली, बाबा घरी नसायचे हे फोटोमागे नकाशा लावून सांगायची काही गरज नाही. चिमणी म्हणाली, ते आपल्यासाठीच फिरत होते.

"तुझ्यासाठी खेळणी घेऊन यायचे," ताई म्हणाली. "आईला दवाखान्यात मी न्यायचे."

शेवटी नकाशा लागला. ताईनेच तो चिकटवला, हवेचा एकही फुगा न ठेवता, पण रागाने इतका जोर लावून की पिठाची खळ माझ्या पाठच्या पानापर्यंत उतरली.

मित्रांनो, फोटोच्या मागचा कागद गरीब दिसतो, पण तो बोलतो. काळा कागद गप्प बसतो, म्हणून ताईला तो आवडायचा. नकाशा काहीतरी म्हणतो, आणि ते सगळ्यांनाच मान्य नसतं.

नंतर आईच्या फोटोची पाळी आली. आई एका बेकरीत कामाला होती. निळ्या चौकड्यांचा ॲप्रन घालून ती दाराशी उभी आहे, असा तिचा एक फोटो होता. आईच्या कपाटात तळाशी ताईला तोच ॲप्रन सापडला, प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून ठेवलेला. ताईच्या मनात काय आलं ते मला ठाऊक नाही. बहिणीला खूश करायचं होतं, की सजावट आपल्यालाही जमते हे दाखवायचं होतं? बहुतेक दोन्ही. तिने ॲप्रन स्वच्छ धुतला, खळ घातली, कडक इस्त्री केली, पानाच्या मापाने कापला आणि कडा आत दुमडून माझ्यावर चिकटवला. त्यावर आईचा फोटो ठेवला. फोटोतला ॲप्रन आणि मागचा ॲप्रन, एकच चौकडी. माझ्या सगळ्या आयुष्यात इतकं देखणं पान दुसरं झालं नाही.

चिमणी आली, तेव्हा ताईने ते पान स्वतः उघडून तिच्यापुढे धरलं. चिमणी बराच वेळ पाहत राहिली. मग वाकून तिने कापडाला नाक लावलं. मला वाटलं, आता ही रडेल आणि बहिणीच्या गळ्यात पडेल.

"तू हा धुतलास?" तिने विचारलं.

ताई म्हणाली, तेलकट कापड चिकटत नाही, आधी धुवावंच लागतं.

"आईचा वास राहावा म्हणून मी तो पिशवीत बांधून ठेवला होता."

"मग सांगायचं होतंस."

 चिमणीने माझं नकाशाचं पान उघडलं, खाचांमधून ट्रकचा फोटो ओढला आणि कात्री घेतली. आईच्या बाजूला उभी असलेली शाळकरी ताई तिने कडेकडेने कापून काढली, वेणीपासून बुटापर्यंत. दुकानात पुठ्ठ्याची पाखरं कापणारा हात तो, जरासुद्धा चुकला नाही. कापलेल्या ताईचा तिने बोळा केला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. वर चहाचा चोथा पडला. उरलेला फोटो तिने पुन्हा खाचांमध्ये बसवला. आता आईच्या बाजूला मुलीच्या आकाराचं एक भोक होतं, आणि त्यातून नकाशाचे रस्ते दिसत होते.

 ताईने मला मिटलं आणि कपाटावर फेकलं. पुठ्ठ्याचा एक कोपरा तेव्हा चेपला, तो कायमचा.

त्यानंतर मला कुणी हात लावला नाही. वर धूळ होती, पावसाळी ओल होती आणि कसर होती. ते चंदेरी किडे पिठाच्या खळीवर तुटून पडतात. आजोबांच्या फोटोमागे शेवटी लागलेला खाकी कागद त्यांनी सावकाश संपवला. खाली स्वयंपाकघरात दोघी बहिणी येत, पण वेगवेगळ्या दिवशी. समोरासमोर आल्याच तर बाबांच्या मार्फत बोलत. बाबा, तिला सांगा नळ गळतोय. बाबा, तिला सांगा तो मी कालच दुरुस्त करून घेतलाय. त्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचा माल पोचवला होता. म्हातारपणी हाही पोचवला. एकदा मात्र ते थकून म्हणाले, की हे ओझं त्यांना झेपत नाही. दोघींनी ऐकलं आणि मान दुसरीकडे वळवली.

मग बाबांना झटका आला. उजवा हात वाचला, शब्द गेले. वस्तूंची नावं आठवेनात, माणसांची तर नाहीच. बोलण्याचा सराव करून घ्यायला एक बाई घरी येऊ लागल्या. एके दिवशी त्यांनी विचारलं, घरात जुने फोटो आहेत का?

दोघी एकदमच म्हणाल्या, "नाहीत."

कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं. पण दोघींची नजरही एकदमच कपाटावर गेली, आणि त्या बाईंनी स्टूल मागितलं.

मला बाबांच्या मांडीवर ठेवलं. ते चेहऱ्यांवरून नुसती नजर फिरवत गेले. स्वतःचा लग्नातला फोटोही त्यांनी कुणा परक्याचा असावा तसा पाहिला. पॉलिशपेपरला बोट लागताच त्यांनी हात झटकला. मग ॲप्रनचं पान आलं. त्यांनी तळवा चौकड्यांवर ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला, आणि एकाएकी बाही मागे ओढून झटकू लागले.

"पीठ," ते म्हणाले. "पीठ लागेल."

त्या बाईंना काही समजलं नाही. ताईने सांगितलं, की बाबा फेरीवरून परत आले की आई ॲप्रनसकट दारात यायची, आणि ते हात वर धरून हेच म्हणायचे. चिमणी खिडकीकडे तोंड करून म्हणाली, परत आल्यावर नाही, निघताना. निघतानाच कपडे धुतलेले असायचे. ताई म्हणाली, तुला काय आठवणार, तू तेव्हा पाळण्यात होतीस. चिमणी म्हणाली, मी सगळं पाहिलंय. इतक्या वर्षांनी त्या एकमेकींशी थेट बोलल्या, ते हे असं.

बाबांनी पान उलटलं. नकाशा दिसला आणि त्यांचं बोट आपोआप रस्त्यावर चढलं. ज्यांना मुलींची नावं आठवत नव्हती, ते एकापाठोपाठ एक गावांची नावं घेऊ लागले, वळण आलं की बोटही वळत होतं. रस्ता फोटोखाली गेला, तेव्हा बोट फोटोवरून पुढे सरकलं आणि त्या भोकात उतरलं. कापलेल्या कडेला ते अडलं. मग कडेकडेने फिरलं, वेणी, खांदा, बूट.

"थोरली कुठंय?" बाबांनी विचारलं.

 ताई त्यांच्या शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "मी इथे आहे, बाबा." बाबांनी तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, भोकाकडे पाहिलं आणि मान हलवली. त्यांची थोरली एवढी मोठी नव्हती.

"मी कापली तिला," चिमणी म्हणाली. "रागाने कापली."

बाबांना ते समजलं नाही. ते पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिले.

चिमणीने बिस्किटांचा डबा धुंडाळला. ताईचा लहानपणीचा एकही फोटो नव्हता; कसा असणार? तेव्हा तिने ताईला खिडकीच्या उजेडात उभं केलं आणि फोन समोर धरला. हात खाली सोड. जरा डावीकडे वळ. कपाळावरच्या आठ्या काढ.

"त्या निघत नाहीत," ताई म्हणाली.

"मग राहू देत."

फोटो छापून आला तेव्हा चिमणीने तो अगदी त्या मापाने कापला. खळ ताईने घरून करून आणली होती, या खेपेला किडे लागू नयेत म्हणून मोरचूद घालून. मग आईच्या बाजूला एक जाड भिंगाच्या चष्म्याची, कपाळाला आठ्या घातलेली पांढऱ्या केसांची बाई उभी राहिली, स्वतःच्या आईपेक्षा वयाने कितीतरी मोठी. इतकी विजोड जोडणी मी कधी अंगावर वागवली नव्हती. बाबांनी तिच्यावर बोट ठेवलं, शेजारी बसलेल्या ताईकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं.

"थोरली," ते म्हणाले. आणि थोडं थांबून, "म्हातारी झाली."

"हिच्यामुळे," ताई म्हणाली.

चिमणी म्हणाली की खळ कडेने बाहेर आली आहे, एवढी फासायची गरज नव्हती. ताई म्हणाली की दुकानातल्या पुतळ्यांना खळ लावून बघ, मग मला शिकव. बाबा दोघींकडे आळीपाळीने पाहत होते आणि कुणाचाही निरोप पोचवत नव्हते.

मित्रांनो, तुम्हीही फोटो चिकटवाल. मागे नकाशा लावा, कापड लावा, चहात बुडवलेला कागद लावा, माझी हरकत नाही. फक्त ते एकट्याने ठरवू नका. एक वस्तू तुमच्यासाठी नुसतं कापड असते आणि घरातल्या दुसऱ्या कुणासाठी ती तशी नसते. भांडण होईल, ते होऊ द्या, पण कात्री तेवढी लांब ठेवा. आणि काम झाल्यावर लगेच उठून जाऊ नका. खळ ओली असताना पान सुटतं, म्हणून ते दाबून धरावं लागतं. त्या दिवशी वजन ठेवायला काही सापडेना, तेव्हा दोघींनी आपापली कोपरं माझ्यावर टेकवली. खळ वाळेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या, तोंडाने भांडत.