साहेबांचा वाडगा

कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. मी वाडगा आहे. तामचिनीचा, पसरट, आतून पांढरा आणि काठाला निळा. म्हणजे कधीकाळी निळा होतो. आता त्या काठावर निळं कमी आणि काळं जास्त आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा ठोकून मला आकार दिला, अंगावर पांढरा लेप चढवला आणि धगधगत्या भट्टीत लोटलं. बाहेर आलो तेव्हा नुसता चकचकीत. एवढी आग सोसून आलेल्याला उन्हाचं काय कौतुक, असं मला वाटायचं. ऊन काय चीज असते ते पुढे कळलं, आणि तेही दुसऱ्याच्या जिवावर बेतलं तेव्हा.

मला विकत घेतलं चावीवाल्या काकूंनी. त्यांच्या यजमानांचं कुलपं दुरुस्त करायचं, चाव्या बनवायचं दुकान होतं. सगळी गल्ली त्यांना चावीवाले काका म्हणायची, म्हणून या आपोआप काकू. मागे राहायची खोली, पुढे दुकान. काकूंनी मला पीठ भिजवायला आणलं होतं आणि चांगली काही वर्षं मी त्यांच्या ओट्यावर ऐटीत राहिलो. एक दिवस ओल्या हातातून निसटलो, फरशीवर आपटलो आणि काठाचा टवका उडाला. काकूंनी मला उजेडात धरून पाहिलं, चुकचुकल्या, आणि म्हणाल्या की याचे कपचे पोटात गेले तर नसती आफत. झालं. ओट्यावरून थेट दुकानाच्या पायरीशी.

पदावनतीच ती. पण आता मागे वळून पाहताना वाटतं, तो टवका उडाला नसता तर माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलंच नसतं.

पायरीशी मी कुणासाठी, तर खटक्यासाठी. खटका हा रस्त्यावरचा तांबूस कुत्रा. सकाळी काकांनी दुकानाचं कुलूप उघडलं की तो आवाज ऐकून कुठूनही हजर व्हायचा, म्हणून नाव खटका. काकू मला भरून ठेवायच्या आणि दुपारी पाणी पुन्हा बदलायच्या. कोमट पाणी तुम्ही तरी प्याल का, असं त्या काकांना विचारायच्या. ऊन सरकेल तसं मलाही सरकवायच्या. सकाळी पायरीच्या डाव्या हाताला, दुपारी ताडपत्रीखाली, संध्याकाळी परत बाहेर. माझ्याइतका फिरलेला वाडगा त्या गल्लीत दुसरा नसेल.

काकांचा एक नेम होता. दाराचा मालक समोर असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. वडिलांनी धंदा शिकवला तेव्हाच हे त्यांच्याकडून वदवून घेतलं होतं. घाईत, रडत, हातापाया पडत माणसं यायची. शेजाऱ्याचं दार उघडून द्या म्हणायची, भावाचं कपाट उघडून द्या म्हणायची. काका शांतपणे सांगायचे की मालकाला घेऊन या. ब्रह्मदेव आला असता तरी त्यांनी हेच सांगितलं असतं. या नेमावर त्यांची अब्रू उभी होती. लोक त्यांच्या हातात घराच्या चाव्या निर्धास्त टाकून जायचे ते उगाच नाही.

आमच्या दुकानासमोर एक मोठा दवाखाना होता. त्याच्या भिंतीला लागून लोक गाड्या लावायचे. सकाळी तिथे इमारतीची छान सावली पडे आणि दुपारी तीच जागा तव्यासारखी तापे. रोज बघणाऱ्याला हे ठाऊक. नवख्याला कसं कळणार?

त्या दिवशी हवा अगदी कोंडली होती. खटका माझ्याजवळ पसरला होता तो एकदम उठला, रस्ता ओलांडून गेला आणि एका जुन्या गाडीच्या दाराशी उभा राहून कण्हायला लागला. भुंकणं नाही, नुसतं कण्हणं. काकू त्याला हाकलायला म्हणून गेल्या आणि तिथूनच त्यांनी काकांना हाक मारली.

गाडीत एक चपट्या नाकाचा, बटबटीत डोळ्यांचा लहानसा कुत्रा होता. काच दोन बोटं खाली ठेवलेली. ठेवणाऱ्याला वाटलं असेल, एवढी हवा पुरे. कुत्रा मागच्या सीटवर आडवा पडला होता. जीभ बाहेर, तोंडातून चिकट लाळ, आणि पोट भात्यासारखं हलत होतं. उठायला गेला आणि कलंडला.

काका धावत दवाखान्यात गेले. दारावरच्या माणसाने आत जाऊन गाडीचा नंबर पुकारला. कुणी आलं नाही. काका परत आले आणि गाडीपाशी नुसतेच उभे राहिले. हातात त्यांची हत्यारांची पिशवी होती, पण ती उघडत नव्हते.

“मालक नाही गं इथे,” ते म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या माणसाला त्या पुरत्या ओळखत होत्या. आवाज न चढवता म्हणाल्या, “आत जो आहे त्याला विचारा की. त्याची परवानगी आहे.”

बघ्यांपैकी एकाने दगड उचलला होता. काकांनी त्याला थांबवलं, काचा त्या जिवाच्याच अंगावर पडतील म्हणाले. मग दाराच्या फटीत लाकडी पाचर सारली, लांब आकडा आत घातला आणि डोळे मिटून चाचपू लागले. कुणीतरी मागून पुटपुटलं की भरदिवसा गाडी फोडतायत. काकांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, पण हात थांबला नाही. दार उघडलं तेव्हा आतून आलेली धग मला रस्त्यापलीकडे जाणवली. भट्टीत जन्मलेला मी, पण तशी धग मीही विसरलो होतो.

त्याला उचलून आणलं आणि ताडपत्रीखाली माझ्या शेजारी गार फरशीवर ठेवलं. काकूंनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना, खटक्याला सुया टोचायच्या त्यांना, फोन लावला. सरबतवाला बर्फाची लादी घेऊन धावत आला होता, पण बाईंनी फोनवर निक्षून सांगितलं की बर्फ अजिबात नको, साधं नळाचं पाणी घ्या. पोटावर, काखेत, पंजांवर घाला, वारा घाला आणि लगेच माझ्याकडे घेऊन या. तोंडात पाणी ओतू नका, त्याचं त्याला पिऊ द्या.

मग मी रिकामा झालो आणि भरलो, रिकामा झालो आणि भरलो. काकू माझ्यातलं पाणी त्याच्या पोटावर ओतायच्या आणि काका दुकानातला पंखा त्याच्या अंगावर धरून उभे होते. बराच वेळ काहीच होईना. मग त्याने मान थोडी उचलली आणि माझ्या काठाला, जिथे टवका उडाला होता तिथेच, जीभ लावली. एकदा. मग पुन्हा.

तेवढ्यात मालक आले. उंच, वाकलेले, हातात औषधाची बाटली. उघडं दार पाहून ते जागीच थबकले.

“माझी गाडी कुणी उघडली?”

“मी,” काका म्हणाले. “आधी याच्याकडे बघा. मग माझं काय करायचं ते करा.”

म्हातारा रस्ता ओलांडून आला, त्याने खाली पाहिलं आणि तो फुटपाथवरच बसला. कुत्र्याच्या ओल्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, “साहेब, दोन मिनिटांत येतो म्हणालो होतो ना मी तुम्हाला.”

साहेब हे त्या कुत्र्याचं नाव. म्हातारे गृहस्थ बसवर कंडक्टर होते आणि नोकरीभर साहेबांची बोलणी खाल्ली होती. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बायकोने हे पिल्लू आणलं आणि म्हणाली, आता घरात तुमचा एक साहेब पाहिजेच. ती बायको त्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर होती. रोज विचारायची की साहेब जेवले का, झोपले का. म्हणून त्या दिवशी तिला खिडकीतून दाखवायला त्यांनी त्याला आणलं होतं. वर जाऊन तिला खिडकीशी बसवायचं आणि परत यायचं, एवढाच बेत. पण आत डॉक्टरांनी थांबवून घेतलं, बायकोबद्दल काही बोलायचं होतं, आणि ते ऐकताना माणसाला ना घड्याळाचं भान राहिलं ना उन्हाचं.

सगळे मिळून साहेबांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. दिवे लागायच्या सुमाराला काका एकटेच परतले आणि काकूंना म्हणाले की वाचला. मग पिशवी खुंटीला अडकवून बराच वेळ तिच्याकडे बघत बसले. काकूंनी त्यांना चहा दिला.

दोन-चार दिवसांनी कंडक्टर आले. त्यांनी आपल्या गाडीची जादा चावी काकांच्या हातावर ठेवली. “आता मालकाची परवानगी कायमची,” म्हणाले. काका हसले. त्या दिवसापासून ती चावी भिंतीवर वेगळ्या खिळ्याला टांगलेली असे. ती वापरायची वेळ मात्र कधी आली नाही, कारण साहेब पुन्हा कधी गाडीत एकटे राहिले नाहीत. कंडक्टर वर बायकोजवळ बसायचे आणि साहेब आमच्याकडे, ताडपत्रीखाली, माझ्या एका अंगाला. दुसऱ्या अंगाला खटका. एकाचं नाक लांब, दुसऱ्याला नाक जवळपास नाहीच. दोघं माझ्यातलं पाणी आळीपाळीने प्यायचे. संध्याकाळी ऊन उतरलं की कंडक्टर साहेबांना दोन्ही हातांनी उंच धरायचे आणि दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत एक बारीक हात हलायचा. काकू तेवढ्या वेळापुरतं चावी कापायचं यंत्र बंद करायला लावायच्या. का, ते मला कळलं नाही. हात हलल्याचा काय आवाज येणार होता? पण तेव्हा ते बरोबर वाटायचं.

उन्हाळा सरता सरता त्या खिडकीतल्या बाई घरी जायला निघाल्या. चाकाच्या खुर्चीतून आमच्या दारी आल्या. काका-काकूंचे आभार वगैरे मानायच्या भानगडीत पडल्या नाहीत. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “साहेब दुसऱ्या कशातून पाणी पीत नाहीत म्हणे. हा द्याल?”

काकूंनी मला घासलं, पुसलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. खटक्यासाठी दुसरा आणते, असं मला हळूच सांगितलंही.

कंडक्टरांच्या घरात मी पाहिलेले उन्हाळे माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. बाई बऱ्या झाल्या नव्हत्या, पण होत्या. खुर्चीत बसून घर चालवायच्या. साहेबांचं फिरणं उजाडताना, नाहीतर सूर्य बुडाल्यावर. त्याआधी कंडक्टरांनी खाली वाकून हाताचा पालथा पंजा रस्त्यावर टेकवायचा. हाताला सोसवलं नाही तर साहेबांच्या पायांना कसं सोसवेल? गुडघे दुखतात म्हणून ते कुरकुरायचे आणि वाकायचेही. एकदा उन्हाळा म्हणून त्यांनी साहेबांचे केस पार भादरून आणायचं काढलं, तेव्हा बाईंनी अडवलं. ते केसच उन्हाला आडवे येतात म्हणाल्या. नुसते विंचरा. दुपारी पडदे ओढून घर अंधारं करायचं, पंख्यासमोर ओलं फडकं टांगायचं आणि तिघांनी कलंडायचं, कंडक्टर आणि साहेबांनी गार फरशीवर. बाई पलंगावर, पण त्यांचा हात खाली साहेबांच्या पाठीवर. मी कोपऱ्यात भरलेला. पाणी आटलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही तर साहेब मला नाकाने ढकलत पलंगापर्यंत आणायचे. फरशीवर माझा खरखर आवाज झाला की बाई झोपेतच म्हणायच्या, “अहो, साहेबांची फाइल आली.” आणि कंडक्टर उठायचे.

काका-काकू दर उन्हाळ्यात एकदा यायचे. खटका म्हातारा होऊन झोपेतच गेला, हे त्यांनीच सांगितलं. मग एका वर्षी बाई गेल्या. साहेब पुढे काही दिवस पलंगाखालीच राहिले. हळूहळू ते कंडक्टरांच्या मागे मागे फिरू लागले, आणि दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांना धरून आणखी काही उन्हाळे पार केले. साहेब गेले ते थंडीत. उन्हाने त्यांना हात लावला नाही, याचं कंडक्टरांना फार समाधान होतं. भेटेल त्याला ते हे सांगायचे.

माझं काम संपलं असं मी समजलो होतो. पण उन्हाळा आला आणि कंडक्टरांनी मला धुऊन बाहेर फाटकाजवळ, भिंतीच्या सावलीत ठेवलं. रस्त्यावरची कुत्री आली, मांजरं आली, चिमण्या आल्या. सकाळी भरायचं, दुपारी बदलायचं. सवय झालेल्या माणसाला स्वस्थ बसवत नाही.

यंदा माझा तळ गंजून फुटला. भरलं की पाणी हळूहळू झिरपून जातं. कंडक्टरांनी नवं, खोलगट भांडं आणून सावलीत ठेवलं आणि मला उचलून कोपऱ्यात टाकायला निघाले. तेवढ्यात त्यांना दिसलं की मी जिथे होतो त्याच्या शेजारची जमीन छान ओली झाली आहे आणि एक काळी कुत्री त्या ओलीवर पोट टेकून, चारी पाय पसरून गाढ झोपली आहे.  त्यांनी मला परत होतो तिथेच ठेवलं आणि काठोकाठ भरलं.

आता रोज तेच. पिण्याचं पाणी नव्या भांड्यात, आणि मी नुसता गळत राहतो. ती कुत्री पोटुशी आहे असं कंडक्टरांचं म्हणणं आहे. कदाचित मी अख्खा विरून जाईन तोवर पिल्लं होतील.

तुमच्या दारी असा एखादा वाडगा असेल तर त्यात पाणी घाला आणि तो सावलीत सरकवा. सावली हलते, हे तेवढं लक्षात असू द्या. आणि गाडीत कुणाला “दोन मिनिटांत येतो” म्हणणार असाल, तर म्हणू नका. त्याला बरोबर न्या, नाहीतर घरी राहू द्या.

कंडक्टर बादली घेऊन येतायत. कुत्रीने एक डोळा उघडला, ते दिसले, आणि परत मिटला.