काचघरातला दिवाण

भावजयीने काचघरात मोजायची टेप उघडली आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"ताई, इथे जरा बसण्यासारखं करू या," ती म्हणाली. "नुसती रोपंच रोपं. तुम्हालाही निवांत टेकायला बरं."

लग्न होऊन या घरात आल्यापासून माझ्या निवांतपणाची काळजी या बाईला कधी पडली नव्हती. आताच उमाळा कशाला आला, हे न कळायला मी काही दूधखुळी नाही. भाच्याचं लग्न ठरलं होतं आणि घरात खोल्या तीनच. त्यातली सकाळच्या उन्हाची खोली माझी. आई गेली तेव्हा भावानेच सांगितलं होतं, "ताई, तू आहेस तोवर ही खोली तुझी." मला ती सोडायची नव्हती. उरलेलं आयुष्य दुसऱ्याच्या सोयीने सरकत राहायचं नाही, एवढंच माझं मागणं होतं.

भावाबद्दल मला शंका नव्हती. त्याला आम्ही छोट्या म्हणतो. आता सहा फूट उंच आहे, डोक्यावर केस उरले नाहीत, तरी छोट्याच. लहानपणी तो भिंतीवरून पडला तेव्हा मी खाली उभी राहून त्याला झेललं होतं. त्याला खरचटलंही नाही, माझा उजवा खांदा मात्र कायमचा अधू झाला. तेव्हापासून मी अंथरुणातून उठते ती डाव्या हाताने काहीतरी घट्ट धरून. भावजय अजूनही शेकायची पिशवी घेऊन येते आणि विचारते, "कोणता हो?"

काचघर मागच्या अंगणात, घराच्या भिंतीला लागून. नोकरीतून मोकळी झाल्यावर मी ते उभं केलं. लोखंडी मांडण्यांवर टोमॅटो, मिरची, वांगी, वर टांगलेले नेचे, छताला उघडझाप करायच्या दोन झडपा. उभं राहून काम करायची जागा आहे ती, लोळायची नव्हे.

आधी वेताची खुर्ची आली. मी तिच्यावर वांग्याच्या रोपांचा ट्रे ठेवला.

"ताई, खुर्ची बसायला असते."

"रोपं बसलीच आहेत की."

मग गालिचा आला. काचघरात हवा ओली राहावी म्हणून जमिनीवर पाणी मारावं लागतं. मी दुप्पट मारलं. आठवडा गेला नाही तोच गालिच्यावर हिरवी बुरशी धरली.

"हे तुम्ही मुद्दाम केलंत!" ती किंचाळली.

"उगवलाय चांगला," मी म्हटलं. "पुढच्या वेळी फुलांचा आण."

तिनेही उट्टं काढलं. दिव्याला आणि टेबलाला जागा हवी म्हणून माझी मिरचीची रोपं सरळ अंगणातल्या उन्हात नेऊन ठेवली. संध्याकाळपर्यंत पानं कागदासारखी वाळली. आत वाढलेलं रोप असं एकदम बाहेर काढत नाहीत. आधी थोडा वेळ सावलीत ठेवायचं, मग कोवळ्या उन्हात, रोज थोडं जास्त. त्याला कळूही न देता सवय लावायची. हे या बाईला ठाऊक नव्हतं. छोट्याला ठाऊक होतं, कारण मागच्या वर्षी त्याने हौसेने माझ्याकडून शिकून घेतलं होतं. मी त्याला वाळलेली रोपं दाखवली तर तो नुसता "च्च" म्हणाला आणि आत गेला.

मेलेल्या मिरच्यांचा सूड म्हणून मी शेंगदाण्याची पेंड बादलीभर पाण्यात भिजत घातली आणि बादली तिच्या खुर्चीशेजारी ठेवली. पेंडीचं खत कुजायला लागलं की शेजारचं कुत्रंही तोंड फिरवतं. भावजय नाकाला पदर लावून आली, बादलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गेली. आमचं बोलणं बंद झालं.

अशात एका दुपारी सुतार दिवाण घेऊन आला. गादीसकट. त्याने तो भिंतीला लावला, सलाम ठोकला आणि गेला. दाराशी भावजय उभी होती, डोळे विस्फारून.

"हा कुणी सांगितला?"

"नाटकं पुरे!" मी ओरडले. "खुर्ची झाली, दिवा झाला, आता अंथरूण. खोली हवी असेल तर तोंडाने माग. असं गोड बोलून माझा काटा काढू नकोस."

"मला दोन खुर्च्या हव्या होत्या," तीही ओरडली. "चहा घेऊन बसायला! तुमच्या भावानेच म्हटलं, कर, पण एकेक सामान ने. ताईला एकदम नको, हळूहळू सवय होऊ दे."

माझा विश्वास बसला नाही. तिचं खोटं पकडावं, दिवाण कुणाच्या मापाचा आहे ते बघावं म्हणून मी त्यावर आडवी झाले. डोकं एका टोकाला, पाय दुसऱ्या टोकाला. बरोबर माझ्या मापाचा. माझ्याइतकं बुटकं या घरात कुणी नाही. आणि डाव्या बाजूला, उठताना हात जातो नेमका तिथे, गुळगुळीत घासलेली लाकडी मूठ बसवलेली होती.

मी तिला धरून उठले. सहज उठले.

"माझा कोणता खांदा अधू आहे?" मी भावजयीला विचारलं.

"डावा ना?" ती म्हणाली.

रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आला तो संताप.

छोट्या कामावरून आला तो थेट काचघरात. हातात माझी उशी होती.

"ताई, पडून बघितलंस का? कसा वाटतो?"

"तू पड आधी."

तो हसत आडवा झाला. पाय पोटऱ्यांपासून बाहेर लोंबकळले. "मला आखूड होतो गं."

"मला बरोबर होतो," मी म्हटलं. "मूठही बरोबर जागी आहे."

त्याचं हसू गेलं. तो उठून उभा राहिला. "पोराची अडचण आहे, ताई. तू तशीही दिवसभर इथेच असतेस. मला तोंडाने सांगवेना."

"तोंडाने मागितली असतीस तर मी विचार तरी केला असता. तू मला मिरचीच्या रोपासारखी बाहेर काढायला निघालास. आणि ते तुला शिकवलं मीच."

मी उशी त्याच्या हातातून ओढून काखेत मारली आणि पेंडीच्या बादलीकडे वळले. एका हाताने ती उचलेना. भावजय पुढे आली. माझ्या उजव्या बाजूला उभी राहून तिने कडी धरली. दोघींनी मिळून अख्खी बादली गादीवर उपडी केली.

"अगं, हे काय! हा वास आता जायचा नाही!" छोट्या ओरडला.

"सवय होईल," मी म्हटलं. "हळूहळू."

आणि माझ्या खोलीत जाऊन मी आतून कडी लावली.