दगड डाव्या हाताला

माझा साडू झेकी चांगला माणूस आहे, हेच माझं दुखणं. वाईट असता तर चार शिव्या घालून मी मोकळा झालो असतो. पण आमच्या बोझबुरुन बंदरात तुम्ही कोणालाही विचारा, अगदी धक्क्यावरच्या कुत्र्यालाही, तो झेकीच्याच बाजूने शेपटी हलवेल.

आम्ही दोघे दोन सख्ख्या बहिणींचे नवरे. मी थोरलीचा, हुरियेचा. तो धाकटीचा, सादियेचा. दोघांचीही शिडाची लाकडी गलबतं आणि दोघांचा धंदाही एकच. उन्हाळाभर शहरातले पाहुणे घ्यायचे, आठवडाभर किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडवायचे, रोज नव्या छोट्या खाडीत नांगर टाकायचा. माझं 'सेवदा' त्याच्या 'उमुत'पेक्षा तीन हात लांब आहे. हे मी कोणाला मुद्दाम सांगत नाही. विषय निघाला तर सांगतो, आणि विषय मीच काढतो.

तरी घरात नाव कोणाचं? झेकीचं. झेकीने सासूबाईंच्या छपराची पन्हाळ बसवून दिली. झेकीने डोंगरावरून पहिले अंजीर आणले. "झेकी सादियेवर कधी आवाज चढवत नाही," असं हुरिये मला सांगते, तेही आवाज चढवून. मी अंजीर खातो आणि माझा जीव जळतो. अंजीर गोड असतात, त्याने आणखी जळतो.

हे सगळं मी वीस वर्षं गिळलं. पण यंदा त्याने माझ्या गिऱ्हाइकाला, बेहिजेबाईंना हात घातला. म्हणजे त्याने नाही घातला, त्याच जाणार होत्या, पण मला ते एकच.

बेहिजेबाई अंकाराच्या, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. अकरा उन्हाळे जूनचा दुसरा आठवडा माझ्या गलबतावर, सोबत त्यांची बहीण आणि पुस्तकांची पिशवी. माझ्याकडे बरेच पाहुणे येतात, पण 'कप्तान' म्हणताना ज्यांच्या तोंडून तो मान खरा वाटतो अशा त्या एकट्याच. मागच्या वर्षी मात्र जिथे म्हणून नांगर टाकला तिथे शेजारी एक दुमजली जहाज येऊन उभं राहिलं आणि ढणाढणा गाणी सुरू. चौथ्या दिवशी बाईंनी कानात कापूस घातला. मी लाजेने मेलो.

यंदा मे महिन्यात त्यांचा फोन आला. "सेलामी कप्तान, मला अशी जागा हवी जिथे माणसाचा आवाज येणार नाही. तुमच्याकडे नसेल तर स्पष्ट सांगा. झेकी कप्तानांकडे एक आहे म्हणे. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटून घेऊ नका! मला ते वाक्य आठवडाभर जेवू देईना.

झेकीकडे जागा होती हे खरं. 'बहिरी' म्हणायचा तो तिला. त्याचे पाहुणे तिथून परतले की धक्क्यावर उतरताना हळू आवाजात बोलायचे, जणू कोणी बाळ झोपलंय. कुठे आहे ती, हे कोणाला माहीत नव्हतं, कारण आमच्यात विचारत नाहीत. ज्याला जागा सापडते, मग ती माशांची असो की नांगराची, तिच्या खुणा त्याच्या डोक्यात राहतात. कोणी विचारलंच तर खोट्या सांगायच्या, अगदी प्रेमाने, बारीकसारीक तपशिलासकट. विचारणाऱ्याने आभार मानायचे. दोघांनाही ठाऊक असतं, कोणाला राग येत नाही. माझ्या वडिलांनी सख्ख्या भावाला चाळीस वर्षं खोट्या खुणा सांगितल्या. ते गेले तेव्हा काका रडत रडत म्हणाले, असा गोड थापाड्या पुन्हा होणार नाही.

पण थापेचीही एक रीत असते, ती मला वडिलांनी शिकवली होती. सगळंच खोटं सांगितलं तर पचत नाही. म्हणून नव्वद टक्के खरं सांगायचं आणि एकच गोष्ट फिरवायची, ती म्हणजे बाजू. उजवी असेल तर डावी. ज्याला ही रीत कळते त्याला थाप आणि नकाशा यांत फरक उरत नाही.

तेव्हा मी नाक मुठीत धरून झाडांखालच्या चहाच्या दुकानात झेकीसमोर जाऊन बसलो. हुरिये माझ्यासोबत होती, तिला सादियेची विणकामाची सुई परत द्यायची होती.

"साडू," मी म्हणालो, "ती तुझी बहिरी. कुठून शिरायचं?"

शेजारच्या टेबलावर सोंगट्या खेळणारे दोघे थांबले. असा प्रश्न कोणी उघड विचारत नाही. झेकीने मात्र साखरेचे दोन खडे घेतले आणि टेबलावर मांडले.

"हे बघ. पडक्या पवनचक्कीच्या खालचं टोक ओलांडलंस की डोंगरावर मधाच्या पेट्या दिसतील, निळ्या. त्या दिसल्या की वळायचं. तोंडाशी हा पांढरा दगड. तो डाव्या हाताला ठेव आणि उजवीकडच्या कड्याला अगदी चिकटून जा. अरुंद आहे, भीती वाटते, पण खाली खोल पाणी आहे. दगडाच्या पलीकडची बाजू रुंद दिसते, तिकडे जाऊ नकोस. पाण्याखाली खडक आहे, भिंतीसारखा."

हे सगळं माझ्या डोळ्यांत बघून. मी मनात हसलो. म्हटलं, वा रे पठ्ठ्या. अरुंद बाजूला कड्याला चिकटून जा म्हणतोय. रीतीला सोडून नाही गेला.

"तुझे उपकार, साडू."

"कसले उपकार? कधी जातोयस?"

"बाई मंगळवारी येतायत. बुधवारी दुपारी जाईन."

घरी येताना हुरिये म्हणाली, "बघ, विचारलं आणि सांगितलं. उगाच तोंड वाकडं करून फिरत होतास."

"अगं, सांगितलं ते उलटं. दगड उजव्या हाताला ठेवायचा."

ती रस्त्यात थांबली. "झेकी खोटं बोलेल?"

"का, तो काय पीर लागून गेला?"

"पीर नाही. पण तो बोलेल असं मला वाटत नाही."

तिने एवढं म्हणायचं आणि माझा तिळपापड व्हायचा. माझ्याबद्दल हे वाक्य ती कोणाजवळ बोलली असेल का कधी? मी तिथेच ठरवलं. दगड उजव्या हाताला.

बुधवारी बाईंना आणि त्यांच्या बहिणीला घेऊन पवनचक्कीचं टोक ओलांडायला चार वाजले. निळ्या पेट्या दिसल्या, वळलो. ऊन थेट तोंडावर, पाणी नुसतं चकाकत होतं, खालचा रंग काही कळेना. समोर पांढरा दगड. उजवीकडच्या कड्यापाशी जेमतेम एका गलबताची फट. डावीकडे ऐसपैस. खरं सांगतो, त्या क्षणी मी थांबणार होतो. छोटी होडी पुढे पाठवून दोरीला वजन बांधून खोली बघणार होतो, जे कोणताही शहाणा कप्तान करतो.

तेवढ्यात मागे बघितलं तर टोकाला वळसा घालून 'उमुत' येत होतं.

आला! स्वतःच्या जागेत माझ्या आधी घुसायला आला! मी होडीबिडी विसरलो. सुकाणू डावीकडे मारलं आणि दगड उजव्या हाताला घेऊन आत शिरलो. खोलीचा काटा बारा मीटर दाखवत होता. मग तीन. मग काहीच नाही.

आवाज फार मोठा झाला नाही. दाढेखाली खडा यावा तसा झाला. 'सेवदा' थांबलं, थोडं कललं आणि तसंच राहिलं. स्वयंपाकघरातून भोपळी मिरच्यांचं पातेलं घरंगळत आलं आणि त्यामागून हुरिये, गलबतावरचा स्वयंपाक तिचाच.

"कोणत्या बाजूने आलास?" तिचा पहिला प्रश्न.

तिने दगडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. खाली गेली, तळाच्या फळ्या उचलून हात घालून आली. "कोरडं आहे," म्हणाली. आणि सांडलेल्या मिरच्या गोळा करायला लागली.

आमच्या समुद्राला भरती नाही. अडकलं ते अडकलं, पाणी चढून सुटका होईल म्हणून वाट बघण्यात अर्थ नसतो. कोणीतरी ओढावं लागतं. आणि कोण ओढणार होतं हे सगळ्यांना दिसत होतं.

झेकी होडीतून आला. त्याच्या गलबतावर पाहुणे नव्हतेच, रिकामाच आला होता. "पहिल्यांदा येतोयस," तो म्हणाला, "म्हटलं तोंडाशी उभं राहून हाताने दाखवावं. जरा उशीर झाला." त्याने माझ्या डोलकाठीच्या टोकाचा दोर घेतला, 'उमुत'ला बांधला आणि 'सेवदा'ला आडवं ओढून कलतं केलं. बूड खडकावरून सुटलं तसं दुसऱ्या दोराने मागे खेचलं. अर्धा तास लागला. चुकूनही त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला केवढं बरं वाटलं असतं.

मग तो पुढे, मी मागे, कड्याला चिकटून आम्ही बहिरीत शिरलो. खरंच काही ऐकू येत नव्हतं. दूर कुठेतरी शेळीच्या गळ्यातली घंटा, तीही मध्येच थांबायची. बेहिजेबाई गलबताच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभ्या राहिल्या आणि बराच वेळ हलल्या नाहीत. मी त्यांना जे द्यायचं ठरवलं होतं ते त्यांना मिळालं होतं, पण दुसऱ्याच्या दोराने ओढून.

ऊन उतरल्यावर हुरियेने झेकीला जेवायला आमच्या गलबतावर बोलावलं. टरबूज, चीज, वाचलेल्या मिरच्या. बाईंनी काटा खाली ठेवला.

"कप्तान, अकरा वर्षांत तुमचं गलबत कधी खडकाला घासलं नव्हतं. आज कसं झालं?"

मी टरबुजाची फोड उचलली. आणि माझ्याआधी झेकी बोलला.

"माझी चूक, बाई. मी त्याला बाजू उलटी सांगितली. डावं-उजवं करताना माझा नेहमी गोंधळ होतो."

हुरियेचा हात पाव कापता कापता थांबला.

बाई शाळेत बोलायच्या तशा बोलल्या. "झेकी कप्तान, हा काय गोंधळ करायचा विषय आहे? गलबतावर दोन म्हाताऱ्या बायका होत्या. मी पुढच्या वर्षी तुमच्याकडे यायचा विचार करत होते. आता नाही. मी सेलामी कप्तानांबरोबरच येणार."

झेकीने मान खाली घालून ऐकून घेतलं. मला हवं ते सगळं माझ्या ताटात येऊन पडलं. बाई माझ्या, जागा माझी, झेकीचं नाव खाली. वीस वर्षं याच घटकेची वाट बघितली होती.

आणि मला इतका जळफळाट झाला की विचारू नका. जागा त्याची, दोर त्याचा, आता खोटं बोलायचा मोठेपणाही त्याचाच! मला म्हणून त्याने काहीच शिल्लक ठेवायचं नाही का? मी चांगुलपणाने बोललो असं कोणी समजू नये. मी निव्वळ मत्सराने बोललो.

"खोटं बोलतोय तो," मी टेबलावर हात आपटला. "त्याने बरोबर सांगितलं होतं. दगड डाव्या हाताला. हुरिये होती तिथे. मीच उलटं धरलं. माझ्या मते कोणी खऱ्या खुणा सांगतच नाही, कारण मी स्वतः कधी सांगितल्या नाहीत. बाई, तुम्ही याच्याबरोबर जा."

हुरियेने पावाची पहिली चकती उचलून माझ्या ताटात ठेवली. एरवी ती पाहुण्याला देते.

बाई झेकीकडे वळल्या. "मग तुम्ही स्वतःवर का घेतलंत?"

झेकी ओशाळून हसला. "साडू आहे माझा. उद्या मी अडकलो तर ओढायला यायचा तोच ना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान डोलावली. येईन, येणारच. पण आधी तासभर लांबून बघत बसेन, आणि झेकीकडे नजर गेली तेव्हा कळलं की हे त्याला माहीत होतं. आजही माहीत होतं, आणि तरी तो रिकामं गलबत घेऊन निघाला होता.