बसच्या मागचा हात

मी शाळेची बस चालवते. त्या दिवशी मुलांना सोडून रिकामी बस घेऊन परत येत होते, तर सिग्नलला माझ्या पुढे शहर बस उभी. तिच्या पाठीवर हे भलंमोठं पोस्टर. पांढऱ्या शर्टातले सहा पुरुष ओळीत उभे राहून हसतायत, वर लिहिलंय, 'या, नाचा! इथे सगळ्यांना जागा आहे.' आणि अगदी कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्यावर एक हात. नुसता हात. काळा, लांब बोटांचा, करंगळी जराशी बाहेर वाकलेली. मनगटापाशी पोस्टर संपलेलं.

ती करंगळी मी कुठेही ओळखेन. लहानपणी कपाटाच्या दारात सापडली होती, तेव्हापासून ती तशीच.

सिग्नल हिरवा झाला, शहर बस निघाली, आणि माझ्या भावाचा हात कुणा परक्याच्या खांद्यावर बसून शहर बघायला निघाला. मागच्यांनी हॉर्नचा धडाका लावला तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी स्टिअरिंगवर डोकं टेकून हसतेय. हसू ओसरलं तेव्हा मात्र डोकं तापलं. बस कडेला घेतली आणि फोन लावला.

"अरे, तुझा हात बसच्या मागे आहे."

"ताई, खुर्चीत पेशंट आहे."

"असू दे. पोस्टरवर तुझा फक्त हात आहे. बाकीचा तू कुठे गेलास?"

पलीकडे ड्रिल सुरू झालं. मग तो म्हणाला, "संध्याकाळी बोलू," आणि त्या पेशंटला, "आ करा. अजून मोठा."

माझा धाकटा भाऊ दातांचा डॉक्टर. आमचे आजोबा कामासाठी दूरच्या मुलखातून इथे आले आणि इथलेच होऊन गेले. त्यांचा काळाकुळकुळीत रंग आणि स्प्रिंगसारखे केस आम्हा दोघांकडे जसेच्या तसे आले. दवाखान्यात अजूनही कुणीतरी विचारतंच, "डॉक्टर, तुम्ही मूळचे कुठले?" तो सांगतो, "मागच्या गल्लीतला." "तसं नाही हो, मूळचे?" "गल्लीच्या टोकाचा."

आणि तो गे आहे. घरी सांगितलं तेव्हा आईने आधी मनसोक्त रडून घेतलं, मग नाक पुसत विचारलं, "म्हणजे तू जन्मभर एकटाच राहणार का रे?" तो म्हणाला, "नाही गं आई, आमच्यातही माणसं असतात." त्याला वाटत होतं, घरी सांगणं हाच काय तो डोंगर. तो ओलांडला की पलीकडे आपली माणसं, आपलं गाव.

डोंगर ओलांडला, तर गावाच्या वेशीवरच पाट्या. फोनवरच्या त्या ओळखी जुळवणाऱ्या अ‍ॅपवर एकेकाने लिहून ठेवलेलं: 'फक्त गोरे.' 'काळ्यांनी मेसेज करू नये. राग नसावा, आवड आपली आपली.' एकाला उलट काळेच आवडायचे. पहिल्याच भेटीत तो दर वाक्याला याला 'चॉकलेट' म्हणायला लागला. शेवटी माझा भाऊ म्हणाला, "हे बघा, मी दातांचा डॉक्टर आहे. चॉकलेटबद्दल माझं मत फार वाईट आहे," आणि बिल मागवलं. हे मला सांगताना तो हसून हसून सोफ्यावरून घसरला होता. मीही हसले. पण तो झोपायला गेल्यावर मला ते हसू काही पचलं नाही.

मग त्याला हा नाचाचा गट सापडला. सगळे गे पुरुष, जोडीजोडीने नाचायचे, वर्षातून एकदा तिकीट लावून कार्यक्रम. गटात हा धरून सातजण. सात म्हटल्यावर एकजण उरणार, आणि दर वेळी तो एक म्हणजे माझा भाऊच. मग तो खुर्चीबरोबर नाचायचा. "ताई, माझी जोडीदारीण लाकडाची आहे, पण पायावर पाय देत नाही," असं म्हणायचा. अलीकडे मात्र एकजण गट सोडून गेला आणि त्याच्या जागी एक नवीन बेकरीवाला आला होता, दुधासारखा गोरा, नाकभर तांबडे ठिपके, आणि तो आपणहून दोनदा याच्याबरोबर नाचला होता. पाय तुडवले होते म्हणे भरपूर. त्या आठवड्यात माझा भाऊ लंगडत होता आणि गुणगुणत होता. पोस्टरवरचा तो खांदा याच बेकरीवाल्याचा, हे मला संध्याकाळी कळलं.

"जाऊ दे ना ताई," भाऊ म्हणाला. "निदान हात तरी आला."

"वा! मग पुढच्या वर्षी कोपर येईल, त्याच्या पुढच्या वर्षी खांदा. तोंड यायच्या आत तू रिटायर होशील."

यावर तो एकदम खुदकन हसला. मग थांबेचना. मलाही लागण झाली. आई स्वयंपाकघरातून बघायला आली, तर आम्ही दोघं भिंतीला टेकून डोळे पुसतोय. आणि त्या हसण्यातच कधीतरी त्याचा चेहरा बदलला. उठला, बूट घातले.

"चल. आज सराव आहे. मला सोड."

सोडून परत जाणं माझ्या स्वभावात नाही. मी हॉलमध्ये शिरून भिंतीजवळच्या बाकावर ठाण मांडलं. गटाचे अध्यक्ष घरांच्या खरेदी-विक्रीचं काम करतात. बोलणं इतकं गोड, की अंधारी खोलीसुद्धा 'शांत प्रकाशाची' म्हणून विकतील.

"अरे ये, ये!" ते म्हणाले. "पोस्टर बघितलंस ना? काय झालं, त्या बाजूला लाईट कमी पडला होता. चौकटीचा तोल जात होता. छापखान्यानेच कापलं. माझा त्यात काही हात नाही."

"ते दिसतंच आहे," भाऊ म्हणाला. "हात माझाच आहे."

शर्टांच्या बाह्या दुमडत बसलेला गटातला टेलर फुस्सकन हसला. अध्यक्ष हसले नाहीत.

"हे बघ, आपण सगळेच सोसलेले लोक. जगाने आपल्याला किती हिणवलं! आपल्यात कसला आलाय वर्णभेद? उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. भावाने माझ्याकडे न बघताच 'तू गप्प' अशी मान हलवली.

"ठीक आहे," तो म्हणाला. "फोन काढा सगळ्यांनी. आपण अ‍ॅपवर स्वतःबद्दल लिहितो ना, कोण हवा, कोण नको, ते मोठ्याने वाचा. माझ्याकडे बघून."

"ते खाजगी असतं," अध्यक्ष म्हणाले.

"सगळ्या शहराला दिसतं ते. बसवर नाही, एवढंच."

मग गटातले वकील उठले. चांगले भरभक्कम गृहस्थ, शर्टाची बटणं जीव मुठीत धरून बसलेली. "मला वाचायची सवय आहे," म्हणाले, घसा खाकरला आणि वाचलं, "'सडपातळ, गोरा आणि मर्दानी हवा. इतरांनी वेळ घालवू नये.'"

"सडपातळ?" टेलर ओरडला. "तू सडपातळ मागतोस?"

"मागायला काय जातं? तू वाच तुझं."

टेलरने एका दमात वाचलं, "'जाडे नकोत, म्हातारे नकोत, काळे नकोत.'"

"जाडे नकोत?" वकील फोन हलवत पुढे आले. "म्हणून तू मला उत्तर दिलं नव्हतंस? अरे, मला वाटलं मी वकील आहे म्हणून!"

"आणि तुझं ते मर्दानी काय आहे? मी कमरेवर हात ठेवून उभा राहतो म्हणून का?"

"आत्तासुद्धा तसाच उभा आहेस!"

हॉलमध्ये जो हशा उठला, काय सांगू! वकील हसता हसता खरंच एक बटण गमावून बसले आणि टेलर ते शोधायला खाली वाकला. मी बाकावर लोळायची बाकी होते. फक्त माझा भाऊ हसत नव्हता.

"'गोरा हवा' आणि 'काळे नकोत'," तो हळू आवाजात म्हणाला. "दोघांच्याही लिहिण्यात आलं. त्यावर कुणी ओरडलं नाही. वकीलसाहेब, तुम्ही मनात आणलंत तर वजन कमी कराल. मी काय कमी करू?"

टेलर बटण हातात घेऊन गुडघ्यावरच बसून राहिला.

तेवढ्यात दार उघडून बेकरीवाला आला, उशिरा, धापा टाकत, कोपरापर्यंत पीठ. त्याने पोस्टर पाहिलं नव्हतं. भिंतीवर टांगलेली प्रत दिसली तसा थबकला. "हे काय? हा हात याचा आहे. हा कुठाय?" टेलरने त्याला दोन वाक्यांत काय चाललंय ते सांगितलं.

बेकरीवाल्याचे कान आधी लाल झाले, मग गाल, मग मान. "माझ्यातही होतं," तो म्हणाला. "'फक्त गोरे.' परवा काढलं."

"का?" भावाने विचारलं.

"तुझ्याबरोबर नाचलो म्हणून."

"म्हणजे मी परीक्षेत पास झालो. आणि नापास झालो असतो तर? ओळ राहिली असती?"

बेकरीवाला खोटं बोलू शकला असता. "हो," तो म्हणाला. "बहुतेक राहिली असती. मला वाटायचं, मी माझी आवड लिहितोय. मी कधी कुणाला भेटूनच बघितलं नव्हतं. मी मूर्ख आहे रे, पण वाईट नाहीये."

"ते मी ठरवीन," भाऊ म्हणाला. पण त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला, आणि तो कोपरा मी त्याच्या जन्मापासून ओळखते. "आणि तोपर्यंत मी नाचणार नाही. माझ्यासकट नवीन पोस्टर लागलं तर बघू."

"मग मीही नाही," टेलर म्हणाला. वकिलांनी पोट सावरत हात वर केला. एकेक करून सगळ्यांचे हात वर गेले. अध्यक्ष तेवढे हाताची घडी घालून उभे होते. पुढच्या सरावाला त्यांनी माफी मागितली, त्यातली तीन चतुर्थांश लाईटवरच होती. नवीन पोस्टर आलं, तेही एकाच बसवर. बाकीच्या बसवर माझ्या भावाचा हात आपला फिरतच राहिला. पण टेलरने त्या रात्रीच आपली ओळ पुसली, आणि वकिलांनी 'सडपातळ, गोरा आणि मर्दानी' काढून नुसतं 'विनोदी' लिहिलं. अजून कुणी मिळालेला नाही, पण आशा आहे.

बेकरीवाला दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात हजर.

"दात दुखतोय."

"कुठला?"

"कुठला दुखायला हवा?"

भावाने तोंडात आरसा घालून नीट तपासलं. एकही कीड नाही. "घरी जा," म्हणाला. तो गेला आणि दोन दिवसांनी परत आला, या वेळी खाली डावीकडे दुखत होतं. येताना साखरेचे पाव घेऊन आला होता, दातांच्या डॉक्टरकडे! असं करत करत त्याने वरची-खालची बत्तिशी दुखवून संपवली. अक्कलदाढेपर्यंत आला तेव्हा माझ्या भावाने हातमोजे काढले आणि विचारलं, "चहा घेणार?" हे मला दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं. भावाने नाही सांगितलं, पण त्या संध्याकाळी त्याने मिठाऐवजी साखर घालून भात केला आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत स्वतःच अर्धा खाल्ला.

चहावर त्यांचं भांडणही झालं म्हणे. बेकरीवाला म्हणाला, "मला तुझा रंग दिसतच नाही." माझा भाऊ म्हणाला, "मग डोळे तपासून घे. मला दिसायचंय." बेकरीवाल्याने विचार केला आणि म्हणाला, "बरं. दिसतो. फार सुंदर दिसतो." यावर माझ्या भावाने घाईघाईने दोघांच्याही चहाचे पैसे देऊन टाकले.

कार्यक्रमाच्या दिवशी मी आणि आई पहिल्या रांगेत. आईने ठेवणीतली साडी नेसली होती आणि अंग चोरून बसली होती. एवढे गे पुरुष तिने एका जागी कधी पाहिले नव्हते. पडदा वर गेला. माझा भाऊ मधोमध, झगझगीत दिव्याखाली, पांढरा शर्ट, आणि त्याच्यापुढे तो बेकरीवाला. संगीत सुरू झालं. पहिली गिरकी छान झाली. दुसऱ्या गिरकीला सगळे उजवीकडे गेले आणि बेकरीवाला डावीकडे. दोघं एकमेकांवर आदळले आणि थेट जमिनीवर. थिएटरभर 'अरे अरे' झालं. माझा भाऊ उताणा पडल्या पडल्या हसायला लागला, बेकरीवाल्याला उठताच येईना, संगीत बिचारं एकटंच पुढे चाललं. मग भावाने त्याला ओढून उभं केलं आणि दोघं अक्षरशः धावत सुटले गाण्याच्या मागे, आणि शेवटच्या ओळीवर त्यांनी ते पकडलं. लोक उभे राहून टाळ्या पिटत होते. मी तर शिट्टी मारली, बसच्या मुलांनी शिकवलीय तशी.

आई माझ्या कानाशी वाकली. "तो गोरा कोण गं?"

"बेकरीवाला."

"हा पडला तेव्हा त्याने आधी याचं डोकं धरलं. स्वतःचं नाही."

"मला नाही दिसलं."

"मला दिसलं." ती थोडा वेळ टाळ्या वाजवत राहिली. "उन्हात निघत असेल का गं हा? केवढा पांढरा आहे. भाजून निघेल."

"आई!"

"नाही, आपलं विचारलं. पाव कसा असतो त्याचा?"

"मी खाल्ला नाहीये अजून."

"मग रविवारी घरी बोलाव," आई म्हणाली, आणि पदर खोचून परत टाळ्या वाजवायला लागली.