कुलूप लावायला दारच नव्हतं

मी एक जुना दरवाजा आहे. पण मित्रांनो, गेल्या तीस वर्षांत मी एकदाही उघडलो नाही आणि एकदाही लागलो नाही. विटांच्या दोन ओट्यांवर मी आडवा पडलोय. आणि पडलोय म्हणून कीव करू नका, कारण उभा असताना मी काय करत होतो, ते आधी ऐका.

सुताराने मला जड, जून लाकडाचा केला आणि प्रार्थनामंदिराच्या मागच्या खोलीला बसवला. आत मोडक्या खुर्च्या आणि पानं सुटलेली गीतपुस्तकं. माझं काम एवढंच की बंद राहायचं. त्याचाही मला केवढा अभिमान होता!

मग बाई आल्या. समुद्रापलीकडून आलेल्या मिशनरी बाई. ट्रंकेत कपडे थोडे आणि कात्र्या, टेप, खडू फार. आपली भाषा त्या गीतपुस्तकावरून शिकल्या होत्या, त्यामुळे बोलणंही तसंच. "हे भगिनी, कात्री उचल आणि भिऊ नकोस," असं त्या म्हणाल्या की बायका तोंडावर हात धरून हसत. पण कात्री उचलत.

पहिल्या दिवशी पाच जणी आल्या. जमिनीवर कापड पसरून बेतायला बसल्या आणि तासाभरात सगळ्यांत वडील मावशींचे गुडघे धरले.

"बाई, देवापुढे गुडघे टेकते तेवढं पुरे," मावशी म्हणाल्या. "कापडापुढे नाही टेकायची मी."

बाईंनी चहूकडे पाहिलं. टेबल नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि स्क्रूड्रायव्हर मागवला. रखवालदार काका धावतच आले.

"अहो, दार काय काढताय? खोली बंद कशी करायची मग?"

"बंद करायची नाही," बाई म्हणाल्या.

सहा जणींनी मिळून मला आडवा केला. मला वाटलं, झालं, माझी अब्रू गेली. दुसऱ्याच दिवशी माझ्या छातीवर कापड पसरलं, त्यावरून दातेरी चाक खुणा करत फिरलं, आणि खरं सांगतो, गुदगुल्या झाल्या.

त्या पाच जणींत एक होती, तिला सगळे वहिनी म्हणत. गावातल्या मोठ्या टेलर मास्तरांची ती थोरली भावजय. नवरा गेल्यावर मुलीला घेऊन दिराच्या घरी राहत होती. अकरा वर्षं तिने त्यांच्या दुकानाची तुरपाई केली, काजं केली, बटणं लावली. पण बेतायची वेळ आली की मास्तर पडदा ओढून घेत. "शिलाई बायकांची, कात्री माझी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ज्याला बेतता येतं त्याचंच दुकान चालतं, हे वहिनी जाणून होती. तिला स्वतःचं दुकान हवं होतं आणि मुलीसह स्वतःच्या छताखाली झोपायचं होतं. बस, एवढंच.

बाई शिकवत त्या गाऊन. प्रवचन रंगावं तसा त्यांचा वर्ग रंगे. मध्येच एखादी गोष्ट सांगत, मग पुन्हा बाहीवर येत, आणि सगळ्या जणी ध्रुवपद धरत, "आधी मोज, मग काप, मग कुणाचा नाही धाक!" ताल माझ्यावरच. बोटांनी, टेपने, कधी कात्रीच्या मुठीने.

वहिनीने पहिल्या शर्टाच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. माझ्यावर डोकं टेकून रडली. बाईंनी नवं कापड तिच्यापुढे सरकवलं. "मीही अशाच कापल्या होत्या. तेव्हा मला कुणीतरी दुसरं कापड दिलं होतं," म्हणाल्या.

मास्तर प्रार्थनामंदिराच्या मंडळीचे मोठे आधारस्तंभ. त्यांनी तक्रार केली आणि एका सोमवारी मंडळीचे सचिवसाहेब हुकूम घेऊन आले. बायकांनी हातशिलाई शिकावी, बेतणं बंद, खोलीला आजपासून कुलूप. बरोबर मास्तर, आणि साहेबांच्या हातात भलंमोठं कुलूप.

साहेबांनी चौकट पाहिली. खालीवर पाहिली. "दार कुठंय?"

"माझ्या हाताखाली," वहिनी म्हणाली. कात्री थांबली नाही. "कामावर आहे ते."

मावशी फसकन हसल्या. मास्तर लाल झाले. "वहिनी, घरी चला. एका हाताच्या दोन बाह्या कापल्यात, गावभर झालंय!"

"कापल्या, भावजी. म्हणूनच आता चुकत नाहीत." मग ती साहेबांकडे वळली. "साहेब, जरा हात वर करा बघू."

"कशाला?"

"प्रार्थनेला करता तसेच."

साहेबांचे हात खांद्यापर्यंत आले आणि अडले. सगळा कोट कानाशी गेला.

"अगं बाई!" मावशी म्हणाल्या. "आणि आम्ही समजायचो, केवढी ही नम्रता!"

"नम्रता नाही, भावजींनी बाहीचा मुंढा खोल कापलाय," वहिनी म्हणाली. "बगलेत जादा कापडाची कळी घालावी लागेल. काढा कोट."

मित्रांनो, तिने पडदा ओढला नाही. मास्तरांच्या डोळ्यांदेखत माझ्यावर कोट पसरला, बगल उसवली, कळी बेतली, शिवली. बाकीच्या चौघी ध्रुवपद म्हणत होत्या. बाई माझ्यावर बोटांनी ताल धरत होत्या. साहेबांनी कोट घातला आणि दोन्ही हात सरळ वर गेले, बोटांच्या टोकापर्यंत. आभार त्यांनी मानले नाहीत. कुलूप मात्र खिशात घालून घेऊन गेले.

महिनाभरात बाईंना समुद्रापलीकडच्या मिशनचं परत बोलावणं आलं. हुकूम हुकूमच. निघताना त्यांनी कात्र्यांची ट्रंक वहिनीसमोर ठेवली. वहिनी म्हणाली, "बाई, मी शिकवणार. आणि फुकट शिकवणार. मास्तरांच्या मुलीलाही, आली तर." ती आलीही. वहिनीने बाजारात दुकान काढलं. सकाळी दुकान, दुपारी वर्ग.

आता प्रार्थनामंदिराचं नवं कार्यकारी मंडळ आलंय. त्यांना बाईंची आठवण जपायची आहे. मला पॉलिश करून, पितळी पाटी ठोकून, पुन्हा चौकटीत उभा करणार म्हणतात. संध्याकाळी बंद, सकाळी उघडा. हात लावायला मनाई.

मुळीच नाही! मित्रांनो, जुन्या वस्तूची काळजी घ्यायची असेल तर तिला कामाला ठेवा. वर्षातून एकदा मला तेल पाजा, वाळवी लागू देऊ नका, आणि बाकीचे दिवस माझ्यावर कापड पसरा. ओरखडे उठले तर उठू देत. चुकलेल्या हाताला दुसरं कापड द्या, म्हणजे माझी सेवा पोचली.

तरी कुणाला मला हलवायचंच असेल, तर सांगून ठेवतो. मी फार जड आहे. मला उचलायला सहा जणी लागतात. मंडळाने काल विचारून पाहिलं. वर्गात तेवीस जणी होत्या. एकीनेही कात्री खाली ठेवली नाही.