मापाबाहेरची शेगडी

मित्रांनो, मी एक जुनी बिडाची शेगडी आहे, आणि आधीच सांगून टाकते, मी चुकीची निवडलेली शेगडी आहे. माणसे आपली हकिगत सांगताना असली गोष्ट शेवटी, खाली मान घालून सांगतात. मला मान नाही. चार पाय आहेत, एक दार आहे, हवेची एक झडप आहे आणि आता पाठीला एक तडा आहे. त्यामुळे जे झाले ते मला सरळ सांगता येते.

माझा जन्म नॉर्वेतल्या एका ओतशाळेत झाला. वितळलेले बीड वाळूच्या साच्यात ओतून माझे एकेक अंग तयार केले, घासले, जोडले आणि दारावर सांबरासारख्या एका उत्तरेकडच्या हरणाचे चित्र उठवले. ते सांबर जरा बैलासारखे दिसते, पण ओतणाऱ्याने त्याच्या परीने केले होते. एकोणीसशे एकोणसत्तर सालच्या सप्टेंबरात मी गावातल्या लोखंडी सामानाच्या दुकानात उभी होते. शेजारी माझ्या निम्म्या उंचीची दुसरी एक शेगडी होती. तिच्याकडे बघून मला हसू येई.

हाल्वर आणि राग्ना हे नवे लग्न झालेले जोडपे दुकानात आले. दुकानदाराने विचारले, "खोली केवढी आहे?"

हाल्वर म्हणाला, "खोलीचं काय विचारतोस? थंडी केवढी आहे ते विचार."

हाल्वरच्या थोरल्या भावाच्या घरी कमरेएवढी शेगडी होती. मी छातीपर्यंत येत होते. सौदा तिथेच पटला. राग्ना एवढेच म्हणाली, "ही आत ठेवल्यावर आपण उभं कुठं राहायचं?" तिच्या बोलण्यावर दोन्ही पुरुष हसले. मीही मनात हसले.

पहिल्याच हिवाळ्यात चूक कळून आली. माझ्यात दोन ओंडके नीट पेटले की त्या लहानशा खोलीत बसवत नसे. राग्ना खिडकी उघडी आणि हाल्वर ती लावी. ऊब बाहेर घालवण्यासाठी कुऱ्हाड कोण चालवणार? मग त्याने तोड काढली. माझे पोट तो लाकडांनी गच्च भरी, आग लागली की हवेची झडप जवळजवळ बंद करी, आणि मी दिवसरात्र नुसती धुमसत राही. सकाळी राख उकरली की खाली निखारे सापडत. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर तो सांगे, "आमच्या घरात ऑक्टोबरपासून काडी ओढलेली नाही." आमच्या खोऱ्यात माणसाची किंमत त्याच्या सरपणाच्या राशीवरून आणि निखारे किती टिकतात यावरून करतात. हाल्वर दोन्हींत पहिला होता.

त्या धुमसण्याचे काय होते ते धुराड्याला विचारा. अर्धवट जळलेले लाकूड धूर होऊन वर जाई आणि विटांवर डांबरासारखे काळे, चकचकीत थर चढवी. पुढे धुराडे झाडायला येऊ लागलेली इंगुन दरवर्षी बादल्या भरभरून काजळी काढी. ती काळ्या कपड्यांतली, रुंद खांद्यांची बाई आहे, आणि आमच्याकडे राजा सोडला तर सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, त्यामुळे ती कुणाची भीड ठेवत नाही.

"हाल्वर, शेगडी खोलीच्या मानानं मोठी आहे. आग लहान कर, पण मोकळी जळू दे," ती सांगे.

"तू धुराडं झाड. शेगडीचं मी बघतो," हाल्वर म्हणे.

तरी त्या वर्षांत माझे कौतुक कमी झाले नाही. राग्ना दर शरद ऋतूत मला काळे पॉलिश लावी, सांबराची शिंगे चिंधीने पुसून काढी. माझ्यावर कॉफीची किटली बसे, ओले हातमोजे वाळत, आणि त्यांचा मुलगा शेटिल माझ्यासमोर पोटावर पालथा पडून अक्षरे गिरवायला शिकला. मला वाटे, या घराचे माझ्यावाचून पान हलत नाही.

सहा वर्षांपूर्वी हाल्वर गेला. राग्ना आता त्र्याऐंशी वर्षांची आहे. एका हातात काठी असल्याशिवाय ती चालत नाही. माझे लाकूड अर्ध्या मीटरचे, भूर्जाचे, दोन हातांनी उचलायचे, आणि तेही वरून, तिच्या छातीएवढ्या उंचीवरच्या माझ्या तोंडातून आत सोडायचे. गेल्या हिवाळ्यात दोनदा असे झाले की तिला ते जमले नाही. दोन्ही दिवस ती अंगात कोट घालून पांघरुणात बसून राहिली. ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नाही. मला माहीत होती, कारण त्या दोन्ही दिवशी मी तिच्यासमोर थंडगार उभी होते.

ऑक्टोबरात इंगुन आली. तिने माझ्या पोटात विजेरी मारली, पाठीवर बोटाचे पेर वाजवले आणि आवाज ऐकून मान हलवली.

"ही संपली, राग्ना. पाठ फुटलीय. आता हिच्यात काडीसुद्धा पेटवायची नाही. तसं लेखी देऊन जाते."

रविवारी शेटिल शहरातून आला. तो आता बावन्न वर्षांचा आहे. मायलेक माझ्याशेजारच्या टेबलाशी बसले.

"आई, आता तरी ऐक. म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या घरांत एक खोली रिकामी झालीय. जमीनच गरम असते तिथली. पायमोजेसुद्धा लागत नाहीत."

"मग मी विणलेले मोजे घालणार कोण?"

"थट्टा नको. जानेवारी संपायच्या आत त्यांना कळवायचंय."

"मग कळव. नाही म्हणून."

"आणि तू इथं एकटी गारठलीस तर? मला पोचायला दोन तास लागतात. विजेचा हीटर म्हणशील तर या घरातल्या जुन्या तारांना एकाच्या वर झेपत नाही."

खिडकीबाहेर बघत राग्ना टेबलावरचे पावाचे कण एका जागी गोळा करत राहिली. मग म्हणाली, "नवी शेगडी घेऊ. जानेवारीत तू इथं तीन दिवस येऊन बस. मी एकटीनं घर तापवून दाखवते. तिसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत खोलीत वीस अंश झाले नाहीत, तर मी तुझ्याबरोबर येते. एक शब्द बोलणार नाही."

"आणि मी काय करायचं?"

"कशाला हात लावायचा नाही."

"कशालाच नाही?"

"कॉफीच्या कपाला लाव."

शेटिलने माहितीपत्रके आणली होती. त्याचे बोट पहिल्याच पानावर थांबले. "ही बघ, बाबांच्या शेगडीएवढी. उणे तीसच्या थंडीत अशीच हवी." मला मनातून बरे वाटले, खोटे कशाला बोलू.

राग्ना उठली. माझ्याशेजारच्या पेटीतून तिने एक ओंडका उचलायला घेतला, तर त्यासाठी काठी खाली टाकावी लागली. तो तिने परत ठेवला. मग पेटवणासाठी ठेवलेला एक अर्ध्या लांबीचा तुकडा एका हाताने उचलला, तो घेऊन दारापर्यंत गेली, परत आली आणि टेबलावर ठेवला.

"या मापाचं लाकूड जिच्यात जातं, ती."

शेटिलने पाने उलटली. तशी शेगडी शेवटच्या पानावर होती. "अगं, ही खेळण्यातली वाटते."

"मग खेळते."

हाल्वरने रचून ठेवलेले सगळे ओंडके शेटिलने तीन शनिवार-रविवार खपून मधोमध कापले. एवढी मदत करारात बसत होती. ती रास मोडताना राग्ना अंगणात आली नाही.

मला बाहेर काढायला चार माणसे लागली. बर्फावरून ओढत आणून त्यांनी मला लाकडांच्या खोपीशी उभे केले. भंगार नेणारी गाडी रस्ता मोकळा झाला की येणार आहे. इथून मला खिडकी दिसते आणि छपरावरचे धुराडे दिसते. पन्नासहून जास्त वर्षे मी त्यात धूर सोडला, पण बाहेरून ते मी पहिल्यांदाच पाहत होते.

नवी शेगडी जानेवारीतच बसली; तोवर राग्नाने शेटिलने आणून दिलेल्या एका हीटरवर कसेबसे भागवले. मग ठरल्याप्रमाणे शेटिल आला आणि हीटर बंद झाला. पहिल्या दिवशी सकाळी धुराड्यातून पिवळट-तपकिरी, जाड धूर निघाला आणि छपरावरच लोळत राहिला. थोड्या वेळाने खिडकी उघडली गेली, कारण खोलीतही धूर झाला होता. शेटिल बाकावर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता. नव्या शेगडीच्या दाराची काच काळीकुट्ट झाली होती.

"सोळा," तो बारा वाजता भिंतीवरच्या तापमापकाकडे बघून म्हणाला.

"मला आकडे वाचता येतात," राग्ना म्हणाली.

काय झाले ते मला इथूनही कळले. तिने लाकडे भरली, खालून पेटवली आणि आग लागताच झडप बंद केली. लाकूड पुरवून वापरायचे, निखारे टिकवायचे. ही सवय तिला जन्मतः नव्हती. ती माझ्यासाठी लागली होती. मी मापाबाहेर मोठी, म्हणून मला कोंडून ठेवणे भाग होते, आणि आता त्याच सवयीपायी ती आपले घर घालवून बसणार होती. मित्रांनो, मी बिडाची आहे, मला चटकन काही लागत नाही. पण त्या दिवशी मला माझी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी नवी शेगडी तपासायला इंगुन आली. तिने काच पाहिली, राग्नाच्या खांद्यावर कोट टाकला आणि तिला अंगणात आणले. दोघी माझ्याजवळ उभ्या राहिल्या.

"वर बघ. काय दिसतं?"

"धूर."

"ती तुझी लाकडं आहेत. न जळता चाललीत. शेटिलनं कापली, तू उचलून आणलीस, आणि आता फुकट चाललीत."

"मग करू काय?"

"मोठी लाकडं खाली, काटक्या वर. वरून पेटव, मेणबत्तीसारखी. आग आपली आपण खाली उतरते. आणि झडपेला हात लावू नकोस. एका वेळी दोन लाकडं, ती संपली की आणखी दोन."

"वरून?" राग्ना म्हणाली. "मी सत्तर वर्षं आग पेटवतेय, इंगुन. माझ्या आईनं खालून शिकवलं."

"तुझ्या आईच्या चुलीला ते बरोबर होतं. नंतर तू आग पेटवत नव्हतीस, हिची समजूत काढत होतीस." इंगुनने माझ्या डोक्यावर थाप मारली. "घरातली नवी लहान आहे. तिला भरपेट जळू दे. झडप बंद केलीस की ती उपाशी राहते, आणि तूही."

"आणि सकाळी निखारे राहिले नाहीत तर? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील राग्नानं काडी ओढली. मग?"

राग्ना काठी टेकत घरात गेली. तिचा चेहरा रागावल्यासारखा होता. त्या दिवशी खोलीतला पारा अठरापर्यंत गेला.

तिसऱ्या दिवशी उणे सत्तावीस होते. माझ्या दारावरच्या सांबरावर बोटभर हिमकण साठले होते. सूर्य टेकडीवर आला तरी धुराड्यातून काही दिसेना. मी वाट पाहिली. चिमूटभर धूर एकदा निघाला आणि थांबला. दहा वाजले, अकरा वाजले, तरी धूर नाही. मला वाटले, तिने हात टेकले. पेटवायचेच सोडून दिले आणि आत सामान बांधते आहे.

मग मी नीट बघितले. धुराड्याच्या तोंडावरची हवा हलत होती. पलीकडच्या पाइनच्या झाडाचा शेंडा त्या हवेतून बघताना थरथरत होता. आत आग होती, चांगली, मोकळी आग होती. धूर होण्यासारखे काही शिल्लकच राहत नव्हते.

बाराला पंधरा मिनिटे कमी असताना दार उघडले आणि शेटिल नुसत्या सदऱ्यावर, बाह्या वर करून अंगणात आला. त्याच्या अंगातून वाफा निघत होत्या. घरात फोनवर आवाज नीट येत नाही, म्हणून तो माझ्यापाशी येऊन उभा राहिला आणि त्याने एक कोपर माझ्यावर टेकले.

"हो, मी राग्नाचा मुलगा," तो फोनवर म्हणाला. "त्या खोलीसाठी बोलतोय. दुसऱ्या कुणाला द्या. नाही, ती येत नाही." जरा वेळ त्याने पलीकडचे ऐकले. "नाही, तिची तब्येत उत्तम आहे. मीच उकडतंय म्हणून बाहेर आलोय. तेवीस झालेत."

"शेटिल, दार लाव," आतून राग्नाचा आवाज आला. "बाहेरचं खोरं तापवायचा करार नव्हता."

मित्रांनो, शेगडी घ्याल तेव्हा थंडीचा आकडा बघून घेऊ नका, आणि शेजाऱ्याकडे बघून तर मुळीच नको. खोली मोजा. जो माणूस रोज लाकूड घालणार आहे, त्याचे हात बघा. लाकूड वाळलेले घ्या, आगीला हवा द्या, धुराडे झाडणारी काही सांगत असेल तर तिला मध्येच तोडू नका. आणि शेगडीची राख वेळच्या वेळी काढा. माझी पाठ फुटली, त्यात त्या साचलेल्या राखेचाही हात होता.

दुपारी शेटिलची गाडी एकट्या शेटिलला घेऊन गेली. थोड्या वेळाने राग्ना सरपण न्यायला खोपीत आली. एका हातात काठी होती. ती माझ्या अगदी जवळून गेली, पण तिने माझ्याकडे पाहिले नाही. मला वाईट वाटले नाही असे मी म्हणणार नाही. ती परत निघाली तेव्हा तिच्या दुसऱ्या हातात एकच लाकूड होते, आणि ते तिला पुरणार होते.