खर्जाची फळी

मी एक जुनी बाजाची पेटी आहे. माझ्या भात्याला दोन ठिगळं आहेत आणि माझी एक पट्टी दाबली की बाकीच्यांपेक्षा वेगळाच, किनरा आवाज निघतो. हल्लीची मुलं तिला खोड म्हणतात. मित्रांनो, आधी तिची गोष्ट ऐका, मग खोड म्हणायचं की नाही ते ठरवा.

अमरावतीच्या एका कारागिराने मला सागाच्या लाकडातून घडवलं. पोटात पितळी सुरांच्या, म्हणजे हवेने थरथरून वाजणाऱ्या पातळ जिभांच्या, दोन फळ्या बसवल्या, एक नराची आणि एक खर्जाची. नराचा सूर टोकदार, मैदान कापत जाणारा. खर्जाचा जाड आणि शांत. दोन्ही मिळून मी बोलत असे. त्या काळी वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चालायचा. अमडापूरचे वामनराव कापसाच्या गाड्या घेऊन खामगावच्या बाजाराला गेले होते. येताना सरकीच्या पोत्यावर बसवून त्यांनी मला घरी आणलं.

वामनराव तेव्हा तिशीचे. देवळापुढे त्यांनी तान घेतली की वेशीपर्यंत ऐकू जायची. गावचं भजनी मंडळ त्यांच्याच गळ्यावर चालायचं. पुढे त्यांनी आणखी दोन पेट्या घेतल्या, दोन्ही निव्वळ नराच्या, जर्मन सुरांच्या. त्या मैदानात मिरवायच्या आणि मी बहुधा घरी असायची. मला त्याचं वाईट वाटत नसे, कारण घरी वामनरावांच्या पत्नी मनकर्णाबाई होत्या. त्यांचा आवाज जाड, थोडा घोगरा. बाईमाणसाचा गळा असा कसा, म्हणून जावा हसायच्या. दुपारी कामं आटोपली की त्या मला ओसरीवर ओढून घेत आणि खर्जात गात. आमचं दोघींचं फार छान जमायचं.

एका वर्षी सप्ताहात आम्ही तिघी एकत्र वाजलो. ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "वामनराव, तुमच्या पेट्या तं सासू-सुनाईवानी बोलून राह्यल्या!" मंडळी हसली. वामनरावांना ते झोंबलं. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी डोणगावहून निवृत्ती पेटीवाल्याला बोलावलं.

"तिघीतून एकच आवाज निघाला पाह्यजे," ते म्हणाले. "हिची खर्जाची फळी काढ अन् नराची बसव, त्या दोघीसारखी."

निवृत्ती डोकं खाजवत म्हणाला, "मालक, तीन पेट्या हायेत तं तीन गळ्याच्या राहू द्या ना. कोणती कवा कामी पडंल, काय सांगता येते?"

"घरात गाणारा गळा एकच हाय ना बे!"

मनकर्णाबाई दाराशी उभ्या होत्या. "ऐकता का," त्या हळूच म्हणाल्या, "एवढी एक माह्यासाठी राहू द्या. त्या पेट्याईत माहा आवाज बुडते."

"तुले कुठं सभेत गायाचं हाय?"

फळी निघाली तेव्हा माझा अर्धा जीव गेला. निवृत्ती ती मोडीत घालणार होता, पण मनकर्णाबाईंनी मागून घेतली. सरकी काढलेल्या कापसात गुंडाळली, वर कडुलिंबाचा वाळला पाला घातला आणि लुगड्यांच्या ट्रंकेत तळाशी ठेवली.

मग मीही मैदान गाजवलं. खोटं कशाला बोलू, वाहवा ऐकून मलाही चढली होती. पण दुपारची ओसरी मुकी झाली. एकदाच मनकर्णाबाईंनी मला उघडून दोन ओळी म्हटल्या. खालच्या पट्ट्या धरल्या तरी माझा आवाज त्यांच्या डोक्यावर चढून बसला. त्यांनी झाकण लावलं. त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं त्यांनी मला हात लावला नाही.

मित्रांनो, लाकूड जुनं होतं तसा गळाही होतो. पन्नाशी ओलांडली आणि वामनरावांचा आवाज वर जाताना फाटू लागला. त्यांनी पहिली पेटी घेतली, दुसरी घेतली, मग मला घेतलं. पण आम्ही तिघी पडलो एकाच सुराच्या! ज्या तरण्या गळ्याच्या मापाने त्यांनी आम्हाला बेतलं, तो गळाच आता उरला नव्हता. भर सप्ताहात ते मधेच थांबले आणि उठून घरी आले. मंडळ सोडलं. दिवसभर ओसरीवर बसून राहायचे, ताटातलं अन्न तसंच उरायचं. मनकर्णाबाईंनी दोन-तीन आठवडे वाट पाहिली आणि निवृत्तीला निरोप धाडला.

तोही म्हातारा झाला होता. "बाई, खर्जाचे सूर आता कुठून आणू?" तो म्हणाला. "लढाई चालू हाय. जर्मनीचा माल बंद."

मनकर्णाबाईंनी ट्रंक उघडली. कापसातून फळी बाहेर आली. पितळ जरा काळवंडलं होतं, पण सूर शाबूत होते. एकच तेवढा तडकला होता, तिथे निवृत्तीने नराचा सूर बसवून वेळ भागवली आणि फळी माझ्या पोटात परत घातली.

वामनराव बघतच राहिले. "हे तू कवापासून ठुली?"

"तुमी काढली तवापासून."

"काऊन?"

"फेकून देल्यावर मांगता येत नाही ना."

वामनरावांनी मला जवळ ओढलं. भाता हलवला, पट्टीवर बोट ठेवलं आणि नुसता एकच सूर धरून बसले. तेव्हा मनकर्णाबाई शेजारी बसल्या आणि गाऊ लागल्या. तोच जाड, घोगरा आवाज, इतकी वर्षं गप्प बसलेला. दुसऱ्या ओळीला वामनरावांचा फाटका गळा त्यांच्या मागोमाग खाली उतरला आणि तिथे त्याला जागा मिळाली. अख्ख्या मंडळाला आपल्या मागे गायला लावणाऱ्या वामनरावांनी त्या दुपारी बायकोची झील धरली. मला इतका आनंद कुठल्याच मैदानात झाला नव्हता.

मग रोज दुपारी ओसरीवर गाणं होऊ लागलं. त्या एका पट्टीवर बोट पडलं की मी मधेच किनरी ओरडायची आणि दोघंही हसायची. वामनराव म्हणायचे, "एवढा सूर माहा, बाकीचे सारे हिचे."

आता दोघंही नाहीत. मी कपाटावर पडून आहे, उंदीर भात्यावर दात घासतात. मित्रांनो, कुणी मला दुरुस्तीला नेलंत तर खुशाल नवा भाता घाला, लाकूड घासून चकचकीत करा. तुमच्या घरात कुणाचा आवाज वेगळा असला तर त्यालाही जवळ बसवा. फक्त ती एक पट्टी बाकीच्यांसारखी करू नका. तेवढा सूर वामनरावांचा आहे.